फुकट वाटलेले ड्रम

सुप्याच्या एमआयडीसीच्या आसपास कुठल्याही वस्तीवर जा, दारापुढं निळा प्लास्टिकचा ड्रम दिसणारच. कारखान्यात तो काहीतरी भरून येतो, रिकामा झाला की भंगारवाल्याकडं जातो आणि तिथून आमच्याकडं. आमच्या वस्तीला उन्हाळाभर टँकरचं पाणी. टँकर येईल तेव्हा येईल, त्यामुळं घरात साठवायला काहीतरी मोठं लागतंच. ड्रम आणला की बाया तो राखेनं घासतात, चिंचेचं पाणी घालून ठेवतात, खळखळून धुतात, उन्हात पालथा घालतात आणि शेवटी आत डोकं घालून वास घेतात. वास गेला की ड्रम चांगला. आमच्याकडं एवढीच परीक्षा. माझी आई असंच करायची, बायकोही असंच करते. मी स्वतः एका कारखान्यात माल पाठवायच्या विभागात नोकरीला आहे, ड्रमांवरची धोक्याची लाल-पिवळी चित्रं रोज बघतो, तरी मला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण माझ्या हातून जे झालं ते या ड्रमांपायी झालं.

माझं कोंबड्यांचं शेड आहे, वस्तीपासून जरा लांब, ओढ्याच्या कडेला. धंदा तोट्यात गेल्यावर मी तो बंद केला आणि शेड रिकामं पडलं. मग दोन माणसं आली. नीट बोलणारी, इस्त्रीचे कपडे घातलेली. कपड्यांच्या रंगात टाकायची पावडर बनवतो म्हणाली. एमआयडीसीत गाळा परवडत नाही, म्हणून असं शेड शोधतोय. मी भाडेकरार केला, आधार कार्डांच्या प्रती घेतल्या आणि आपण सगळं कायदेशीर केलं म्हणून निश्चिंत झालो. त्यांनी खिडक्यांना ताडपत्री लावली, मोठे पंखे बसवले. मी विचारलं नाही. भाडं वेळेवर येत होतं.

महिन्याभरात शेडामागं रिकाम्या ड्रमांची रास लागली. एक दिवस त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काका, हे आमच्या काही कामाचे नाहीत. वस्तीत कुणाला पाहिजे असतील तर द्या."

मी दिले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरोघरी पोचवले. भंगारवाला ज्याचे पैसे घेतो ती वस्तू मी फुकट वाटत होतो. लोक चहा पाजत होते. "मन मोठं लागतं बाबा," असं एक म्हातारा माझ्यासमोर दुसऱ्याला म्हणाला आणि मला ते आवडलं. अजून आठवतं, किती आवडलं ते.

माझ्या थोरल्या चुलतभावाचं घर शेडाला सगळ्यात जवळ. भाऊ ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा घरी येतो. घर बघते ती वहिनी. एक ड्रम तिलाही दिला होता. पण तक्रार घेऊन पहिली आली तीही तीच. मी पारावर चार जणांत बसलो होतो.

"भाऊजी, तुमच्या शेडातनं कसला वो वास येतो? डोळं चुरचुरत्यात. शेरडं तिकडं चरायला मागंना."

"वहिनी, कोंबड्या होत्या तवा तुम्हाला कोंबड्यांचा वास यायचा," मी म्हणालो. "आता कोंबड्या गेल्या तरी वास हाय म्हणता. शेडाचं राहू द्या, एकदा नाकच दाखवून या डॉक्टरला."

पारावरचे हसले. वहिनीनं पदर नीट केला आणि गेली.

वास मलाही येत होता. नखं रंगवायच्या बाटलीसारखा उग्र, आणि त्याच्या तळाशी काहीतरी कुजल्यासारखं. एकदा विजेच्या मीटरचं कारण काढून मी आत गेलो होतो, तर दारातच घसा आवळला. त्या माणसांनी मला दंडाला धरून, अगदी अदबीनं बाहेर आणलं. घरी येऊन तोंड धुतलं आणि बायकोला सांगितलं, धुळीनं झालं. तिथं काय चाललंय ते मला माहीत नव्हतं, हे खरं. पण काहीतरी बरं चाललेलं नाही, एवढं कळलं होतं, हेही खरं. पुढं पोलिसांना जबाब देताना मी पहिलं तेवढं सांगितलं. दुसरं गिळलं.

पोलीस आले तेव्हा मी कामावर होतो. बायकोचा फोन आला, "लवकर या, शेडाला गाड्यांनी वेढा घातलाय." मी पोचलो तर ती दोन माणसं गाडीत बसलेली, वस्तीतली सगळी पोरंटोरं बांधावर उभी, आणि तोंडाला जाड मुखवटे लावलेली माणसं शेडातून आत-बाहेर करत होती. एमडी बनत होतं, असं कुणीतरी म्हणालं. एमडी म्हणजे काय ते मला पेपरातल्या बातम्यांपुरतं माहीत. ती पुण्या-मुंबईच्या पोरांची नशेची पावडर, आपल्याकडच्या शेडात कशाला येईल, असंच वाटायचं.

मुखवटा लावलेल्यांपैकी एका साहेबांनी मुखवटा वर केला आणि मला विचारलं, "इथलं काही घरी नेलंय का? कॅन, ड्रम, बादली? नेलं असेल तर वापरायचं नाही. प्लास्टिकमध्ये मुरतं हे. वास गेला तरी आत राहतं, हळूहळू पाण्यात उतरतं."

माझ्या दोन्ही बाजूंना पोलीस होते. मी म्हणालो, "नाही साहेब. काहीच नाही."

ड्रम वाटले असं सांगितलं तर हा यांच्यातलाच, असं ठरवतील, ही भीती होती. दुसरी लाज होती. बांधावर अख्खी वस्ती उभी होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या दारात माझा ड्रम होता.

भाडेकरार असल्यामुळं मला जबाब घेऊन सोडलं. शेडातून घरी काही नेलं नाही, हेच त्यातही लिहिलं गेलं. शेडाला लाखेचं सील लागलं. आतला माल मुद्देमाल म्हणून नोंदवला गेला, काही उचलून नेला, बराच तिथंच राहिला. बाहेर मागच्या बाजूला त्यांनी जे ओतलं होतं ते मात्र कुणाच्याच नोंदीत नव्हतं. तिथलं गवत पट्ट्यापट्ट्यानं जळलेलं, आणि त्या बाजूच्या कडुनिंबाची अर्धी पानं गळून गेलेली. पट्टा थेट ओढ्याकडं उतरतो.

मी ग्रामपंचायतीत गेलो. ते म्हणाले, कोर्टाचं प्रकरण आहे, आम्ही हात लावू शकत नाही. पोलीस ठाण्यात गेलो. ते म्हणाले, सीलच्या आतलं आमचं, बाहेरची माती आमची नाही. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात गेलो, तिथं एका बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही नमुने नेलेत. उचलायचं काम आमचं नाही." मग कुणाचं? तहसीलला अर्ज करा. तहसीलमध्ये म्हणाले, जागा कुणाची आहे? माझी. मग तुम्हीच साफ करायची. पण कशी, माती काढून टाकायची कुठं, हे विचारलं तर म्हणाले, ते प्रदूषणवाले सांगतील. असला विषारी कचरा उचलणाऱ्या एका कंपनीला फोन केला, तर ते म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. अशा चकरांत माझी सगळी रजा संपली आणि शेडामागची एक पाटी मातीसुद्धा हलली नाही. एकदा रागानं मी फावडं घेऊन गेलो. दोन फावडी मारली तर डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फावडं तिथंच टाकून आलो.

ड्रम तरी गोळा करू म्हटलं. आमच्या घरचा बायकोनं पहिल्याच दिवशी काढला होता. बाकीच्यांकडं जाताना मी पुन्हा शहाणपणा केला. खरं सांगायचं टाळून मी सांगत सुटलो, "पोलीस ते ड्रम पुरावा म्हणून मागताहेत."

आमच्याकडं पोलीस एखादी वस्तू मागताहेत असं कळलं, की ती वस्तू त्या घरात कधी नव्हतीच असं होतं. मी विचार करायला हवा होता. मी बोलायच्या आतच लोक हात झटकायला लागले. "कुठला ड्रम? आमी न्हाई घेतला." एकानं तो कांद्याच्या चाळीत, कांद्यांच्या आड ठेवला. एकानं कडब्याखाली दडवला. ज्या ड्रममध्ये परवापर्यंत लोक पाणी भरत होते, त्यात रातोरात ज्वारी गेली, म्हणजे कुणी पाहिलं तरी पाण्याचा ड्रम नव्हे धान्याचा आहे म्हणता यावं. मी त्यांच्या घरात विष ठेवलं आणि ते दडवायला त्यांना शिकवलंही मीच.

थोडेसे ड्रम मिळाले ते घरामागं आणून ठेवले. जाळायचे नाहीत एवढं कळत होतं. ड्रिल आणून मी प्रत्येकाला भोकं पाडत होतो, म्हणजे पुन्हा कुणी पाणी भरू नये, तेवढ्यात भंगारवाला टेम्पो घेऊन हजर.

"अरारा, शेठ, काय केलं हे? चांगला माल चाळण करून टाकला."

"विषारी आहेत ते."

"वास तर येत न्हाई," ड्रममध्ये नाक घालून तो म्हणाला. "डांबरानं भोकं बुजवून घेतो की. द्या."

मी त्याला हाकलला. जाताना तो बायकोला म्हणाला, "वैनी, शेठला जरा आराम करू द्या. टेन्शननं होतं असं."

शेवटी वहिनीचं घर राहिलं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिची मुलगी, माझी पुतणी, श्रीगोंद्याकडं दिलेली. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मी गेलो तर पुतणी ओसरीवर पाय पसरून बसलेली आणि तिच्या हाताशी तोच निळा ड्रम, वर झाकण, झाकणावर पाण्याचा तांब्या. मी बघत असतानाच तिनं झाकण सरकवून तांब्या बुडवला.

"पिऊ नको ते," मी ओरडलोच.

वहिनी आतून आली. "का वो? काय झालं?"

"ड्रम काढा वहिनी. नवा आणून देतो. त्या शेडातला आहे, त्यात केमिकल मुरलेलं आहे."

"पोलीस मागत्यात म्हनं."

"नाही. पोलिसांचं मी उगाच सांगितलं."

वहिनी हसली. तसं माझ्याकडं बघून अजून कुणी हसलेलं नाही. "वास येत हुता तवा तुमी म्हनला वास न्हाई, नाक दाखवा डॉक्टरला. आता वास न्हाई तर म्हनता इख हाय. कवाचं खरं धरू, भाऊजी? आन् पोलिसाचं ते उगाच, मग हेबी उगाच कशावरनं न्हाई?"

"मी शपथ घेतो."

"शपथा ऱ्हाऊ द्या. टँकर आल्यावर कशात भरू पानी? पोरीला दिस राह्यल्यात थोडं, दोन टायमाला आंघुळीला पानी लागतं. आन् तुमचं फुकटचं परत न्हाई घ्यायचं मला. एकदा घेतलं." मग म्हणाली, "माझ्या एकटीच्या कानात काय सांगता? माझी नाचक्की चार जणांत केली हुती. तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. अख्खी वस्ती पाइपाभोवती, हंडे-बादल्या घेऊन, नेहमीची ढकलाढकली. मी टँकरच्या मागच्या चाकापाशी उभा राहिलो आणि बोलायला लागलो. भाषण करायची सवय नाही. आवाज पंपाच्या आवाजात बुडाला, म्हणून परत मोठ्यानं बोललो. सांगितलं की ड्रममध्ये त्या कारखान्याचं केमिकल आहे आणि धुऊन जात नाही. पोलिसांचं मी खोटं बोललो. वहिनी वासाबद्दल बोलली ते खरं होतं, वास मलाही येत होता, माझाही घसा धरला होता, आणि तरी मी गप्प बसलो.

मग एक जण म्हणाला, "म्हंजी भाडं तू खाल्लं आन् पानी आमी प्यालो व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

"लई मोठ्या मनाचा हाय," त्याच्यामागून एक बाई म्हणाली. लोक हसले. यावेळी ते माझ्यावर हसत होते आणि मला त्यात काही चूक दिसत नव्हती. कुणीतरी आईवरून शिवी दिली. माझी आई गेल्याला बरीच वर्षं झाली, शिवी झोंबली म्हणून मी वर पाहिलं, पण परत खाली बघितलं. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कांद्याच्या चाळीतला ड्रम आला, कडब्याखालचा आला. ज्वारीचा आला तो ज्वारीसकट. "ही तूच खा," म्हणून त्या माणसानं ट्रॉलीत आपटला.

वहिनीनं ड्रम दिला, पण भरलेला. "ओता कुठं ओतायचं ते."

कुठं ओतायचं? मला माहीत नव्हतं. प्रदूषणवाल्या बाईंना फोन लावला, उचलला नाही. घरामागं खड्डा खणून मी त्यात शेततळ्याचा जुना प्लास्टिक कागद अंथरला आणि पाणी त्यात घातलं. वर पत्रे टाकले. बरोबर केलं की चूक, ते आजही मला कुणी सांगितलेलं नाही.

पुतणी ओसरीवरून सगळं बघत होती. ती शिकलेली आहे, शांत आहे. ती म्हणाली, "काका, आता ड्रम गेला. पण इतके दिवस मी प्यायले त्याचं काय?"

मी तिला गाडीत घालून नगरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, तपासलं, बाळाचे ठोके ठीक आहेत म्हणाले. मग पेन हातात धरून विचारलं, "कोणतं केमिकल होतं?"

"माहीत नाही."

"काहीतरी नाव असेल. ड्रमवर लिहिलं असेल?"

"लेबलं फाडलेली होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, नाव कळल्याशिवाय मी कशाच्या तपासण्या लिहू? लिव्हर बघू की रक्त बघू की आणखी काही? पोलिसांकडं असेल ना. त्यांना विचारून या."

पोलीस ठाण्यात पुतणीही आली. गाडीत बसून राहा म्हटलं तर म्हणाली, "मी समोर असले तर लवकर सांगतील." लाकडी बाकावर ती अवघडून बसली. टेबलामागच्या हवालदारांनी प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही असं सांगितलं. आला तरी कोर्टात जाईल, असा कुणालाही देता येत नाही. मी म्हटलं, अहवाल नको, फक्त आत काय काय सापडलं त्याची नावं सांगा, डॉक्टर मागताहेत.

"तुमचा काय संबंध?" ते म्हणाले. "तुमच्या जबाबात आहे, शेडातून घरी काहीच नेलेलं नाही. मग या ताई काय प्यायल्या?"

पुतणीनं माझ्याकडं पाहिलं. तिला ही गोष्ट माहीत नव्हती. टँकरपाशी मी बाकी सगळं सांगितलं होतं, एवढंच राहिलं होतं.

"ते मी खोटं सांगितलं होतं," मी म्हणालो. "ड्रम मीच वाटले. जबाब पुन्हा लिहून घ्या."

हवालदार खुर्चीत मागं टेकले. ते वाईट माणूस नव्हते. "काका, समजतंय ना? पहिला जबाब खोटा म्हटलात, तर साहेब तुम्हाला साक्षीदार ठेवतील की आरोपी करतील, मी सांगू शकत नाही. घरी जाऊन वकिलाशी बोला. उद्या या."

उद्या. परत उद्या. ग्रामपंचायतीचा उद्या, तहसीलचा उद्या, आता माझाही उद्या. बाकावर पुतणीनं एक हात कमरेवर ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं बाकाची कड घट्ट धरली होती. मला वाटलं, मी एकदा घरी गेलो तर उद्या मी येणार नाही. मला माझा अनुभव आहे.

"आत्ता लिहा," मी म्हणालो.

"साहेब जेवायला गेलेत. बसा मग."

आम्ही बसलो. साहेब आले, त्यांनी मला भरपूर सुनावलं आणि ते सगळं रास्त होतं. जबाब लिहिला गेला, मी सही केली. मग त्यांनी पुतणीकडं बघितलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "लेखी काही मिळणार नाही. तुमच्या डॉक्टरांना फोन लावा, मी बोलतो." ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलले. खड्ड्यातल्या पाण्याचा नमुना न्यायला माणूस पाठवतो म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा वहिनी अंगणात उभीच होती. पुतणीला उतरवून घेत तिनं विचारलं, "काय म्हनले?"

"आई, काकांवर केस होईल म्हणे," पुतणी म्हणाली.

वहिनीनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी एखादा बरा शब्द ऐकायला थांबलो होतो, हे कबूल करतो.

"आन् तुझं काय म्हनला डॉक्टर?"

"साहेबांनी फोनवर नावं सांगितली, आता तपासण्या करता येतील म्हणाले. उद्या उपाशीपोटी बोलावलंय."

"मग भाऊजी, सकाळी लवकर गाडी काढा," वहिनी म्हणाली आणि पोरीला धरून आत गेली.